अडकलेला स्पार्क प्लग: वाचवायचं ते हेड

स्पार्क प्लग शे-दीडशे रुपयांत मिळतो. तो ज्यात बसतो ते हेड, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरवरचं झाकण, काही हजारांचं. तरी प्लग अडकला की बहुतेकांचा सगळा राग प्लगवर निघतो, आणि त्या झटापटीत हरतं ते हेडच. प्लगचं कवच पोलादाचं, हेडचे आटे मऊ ॲल्युमिनिअमचे. दुसरं काय होणार? म्हणून हात लावण्याआधीच ठरवून घ्यावं: प्लग तुटला, चेपला, वाया गेला तरी चालेल, पण हेडमधले आटे, ज्यांना आपल्याकडचे मिस्त्री चुडी म्हणतात, शाबूत राहिले पाहिजेत.

अडकतो का

नागपूरच्या हवेत एक कारण सहज जुळून येतं. मे महिन्यात प्लगभोवतीच्या खळग्यात बारीक धूळ साचते आणि जूनच्या पावसात ती ओली होते. पोलाद, ॲल्युमिनिअम आणि मधे ओल अशी गाठ पडली की झिजतं ते ॲल्युमिनिअम. त्याची जी पांढरी भुकटी बनते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, म्हणजे आट्यांच्या फटीत पाचर ठोकल्यासारखंच होतं. दसऱ्याला गाडी जोरदार फवाऱ्याने धुतली की पुन्हा तेच पाणी खळग्यात उभं राहतं. अनेक मोटरसायकलींच्या हेडमध्ये या खळग्यातून बाहेर जाणारं एक बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलेलं असेल तर पाणी तिथेच मुरतं.

दुसरं कारण काजळी. प्लगच्या आट्यांची लांबी चुकीची असली की हा त्रास होतो. १२.७ मिमीच्या जागी १९ मिमीचा प्लग बसवला तर टोकाचे आटे ज्वलनकक्षात उघडे पडतात, त्यांच्यावर कडक काजळी बसते आणि काढताना तीच काजळी हेडचे आटे खरवडत येते. शिवाय पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याला धडकायची भीती वेगळीच. उलट झालं, म्हणजे लांब प्लगच्या जागी आखूड बसला, तर हेडचे आतले आटे काजळीने भरतात. मग तो आखूड प्लग सहज निघतो, पण योग्य लांबीचा नवा प्लग अर्ध्यात अडकतो. अशा वेळी ‘नवीन प्लग खराब आहे’ म्हणून जोर लावणं हीच खरी चूक.

उरलेली दोन कारणं हाताची: प्रमाणाबाहेर आवळणं आणि वाकडा सुरू केलेला आटा. स्कूटरमध्ये प्लग आडबाजूला, आवरणाच्या आत असतो, बोटं नीट पोहोचत नाहीत, आणि पाना लावूनच प्लग सुरू करायची सवय असते. वाकडा आटा तिथूनच येतो.

माप आधी, जोर नंतर

आपल्या गाडीच्या प्लगचं माप माहीत नसेल तर काम सुरूच करू नये. छोट्या मोटरसायकली आणि स्कूटरमध्ये १० मिमी × १.० चे (व्यास × दोन आट्यांमधलं अंतर) आटे आणि १६ मिमीचं षटकोनी डोकं सर्रास दिसतं. १२ मिमी × १.२५ ला १८ मिमीचं डोकं असतं, पण नव्या मोटारींत याच आट्यांवर १६ किंवा १४ मिमीचंही डोकं येतं. जुन्या मोटारींत १४ मिमी × १.२५ आणि २०.८ मिमीचं डोकं. एनजीके कंपनीच्या प्लगवरचं पहिलं अक्षर हेच सांगतं: सी म्हणजे १० मिमी, डी म्हणजे १२, बी म्हणजे १४. आकड्यानंतरच्या अक्षरात एच असेल तर आट्यांची लांबी १२.७ मिमी आणि ई असेल तर १९ मिमी.

गोटी पाना (सॉकेट) सहा पैलूंचाच हवा. बारा पैलूंचा पाना फक्त कोपऱ्यांवर पकडतो आणि अडकलेल्या प्लगचे कोपरेच आधी गोल करतो. टूलकिटमधला पत्र्याचा नळीसारखा प्लग पाना रस्त्यात बदलण्यापुरता ठीक. अडकलेल्या प्लगला तो लावू नये, कारण जोर आला की त्याचं तोंड फाकतं. दांडा टी आकाराचा असेल तर उत्तम. दोन्ही हातांनी सारखा जोर बसतो आणि पाना कलत नाही. कललेला पाना प्लगवरची पांढरी चिनी माती फोडतो. एकाच बाजूच्या दांड्याने काम करायचं असेल तर दुसऱ्या हाताचा तळवा पान्याच्या डोक्यावर, बरोबर प्लगच्या रेषेत दाबून ठेवा. पाइप घालून दांडा लांबवू नका. लांब दांड्यावर प्लग काय बोलतोय ते हाताला कळतच नाही, आणि या कामात कळणं हेच सगळं आहे.

पाना लावण्याआधी खळगा साफ करा. पंक्चरवाल्याकडची हवा चालते, सायकलचा पंपही चालतो. चिखल वाळून घट्ट झाला असेल तर डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने मोकळा करा आणि मग हवा मारा. प्लग निघाला की भोवतीची वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनच्या रिंगांना खाते. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण टाळलं जातं तेही हेच.

गरम की थंड

यावर गॅरेजमध्ये नेहमी दोन पक्ष पडतात, आणि दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. ॲल्युमिनिअम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. म्हणजे हेड तापलं की भोक प्लगपेक्षा जास्त मोठं होतं. पण किती? १४ मिमीच्या प्लगला ४० अंशांचा फरक मिळाला तर साधारण ०.००६ मिमी. इतक्याने प्लग सुटत नाही. तेल शिरायला वाट मात्र मिळते. दुसरीकडे, खूप तापलेलं ॲल्युमिनिअम मऊ असतं आणि पोलादाला चिकटून सोलून येतं. नुकत्याच बंद केलेल्या इंजिनातून प्लग ओढणं म्हणजे आटे हातात घेणं.

माझ्या मते योग्य जागा मधली: हेडवर हात ठेवता येतो, पण फार वेळ ठेववत नाही, इतपत कोमट. डिसेंबरच्या सकाळी इंजिन पाच-सात मिनिटं चालवून मग थोडा वेळ थांबावं. मे महिन्यात दुपारी उन्हात उभी असलेली गाडी सुरू करायची गरजच नसते. तिचं हेड आधीच तेवढं तापलेलं असतं. गॅसची ज्योत मात्र पेट्रोलच्या टाकीजवळ आणूच नये. हवंच असेल तर गरम हवेची गन वापरा, आणि ती हेडवर धरा, प्लगवर नाही.

पहिला अष्टमांश

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोक अडकलेल्या प्लगभोवती तेल ओततात, रात्रभर ठेवतात आणि सकाळी म्हणतात की काही फरक पडला नाही. पडणार कसा? प्लगचा वॉशर त्याच्या बैठकीवर दाबून बसलेला असतो. आतला ज्वलनाचा दाब अडवणारा तो वॉशर वरून ओतलेलं तेलही अडवतो. वॉशर नसलेल्या उतरत्या बैठकीच्या प्लगलाही हेच लागू. म्हणून क्रम असा: आधी प्लग जेमतेम अष्टमांश वळण सैल करायचा, मग तेल.

तो पहिला अष्टमांश मिळवायला पाना पूर्ण खाली बसवून त्याच्या डोक्यावर छोट्या हातोडीने चार-सहा हलके टोले द्या. टोले पान्यावर, सरळ रेषेत. चिनी मातीला स्पर्श नाही. गंजाची पकड अशा कंपांनी सुटते. मग आधी किंचित आवळायच्या दिशेने जोर द्या, अगदी केसभर, आणि मग सोडायच्या दिशेने. झटका नको, वाढत जाणारा संथ जोर हवा.

‘टक्’ असा कोरडा, स्वच्छ आवाज येऊन प्लग हलला तर वॉशर सुटला. हे चांगलं लक्षण. थांबा. आता गंज सोडवणारं तेल टाका. स्प्रेच्या डब्याची लाल नळी असली की नेमकं जागेवर पडतं. ते नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळूनही चालतं, वेळ मात्र जास्त लागतो. अर्धा तास तरी द्या. घाई नसेल तर रात्रभर.

नंतरचं काम फक्त मागे-पुढे. अष्टमांश सोडा, थोडा आवळा, पुन्हा अष्टमांश सोडा, तेल टाका. प्रत्येक फेरीत काजळीचा आणि गंजाचा चुरा तेलात मिसळून बाहेर येतो. एकाच दिशेने ओढत राहिलात तर तोच चुरा आट्यांच्या पुढे गोळा होऊन पाचर बनतो. सुटलेला प्लग वळणागणिक हलका होत गेला पाहिजे. तो जड होत चालला असेल तर तिथेच थांबा, तेल टाका, मागे जा. ‘कर्र’ असा कोरडा घासण्याचा आवाज म्हणजे तेल पोचलेलं नाही. आणि हाताला रबर पिळल्यासारखं वाटलं, म्हणजे पाना फिरतोय पण काही सुटल्याची जाणीव नाही, तर दोनपैकी एक होत असतं: कवच पिळलं जातंय किंवा ॲल्युमिनिअम फाटतंय. अशा वेळी पाना बाजूला ठेवून पुन्हा तेल आणि वेळ द्यायचा. १९ मिमीच्या, १.२५ अंतराच्या प्लगला साधारण १५ आटे असतात. ते सोडवायला एक तास गेला तरी तो तास स्वस्त आहे.

इम्पॅक्ट गनबद्दल, म्हणजे फटके देत फिरवणाऱ्या यंत्राबद्दल विचाराल, तर १० मिमीच्या प्लगला ती लावूच नये. त्या बारीक कवचाची मान पहिल्याच फटक्यात जाऊ शकते.

डोकं गोल झालं, किंवा मान तुटली

षटकोन गोल झाला असेल तर इंची माप कामी येतं. १६ मिमीच्या डोक्यावर ५/८ इंची गोटी, म्हणजे सुमारे १५.९ मिमी, ठोकून बसवता येते, २०.८ वर १३/१६ इंची, म्हणजे सुमारे २०.६. फरक थोडा आहे, पण पैलूंना नवी पकड मिळते. त्यानेही जमलं नाही तर आतून पिळदार दात असलेली, गोल झालेले बोल्ट काढायची गोटी येते. ती उलटं फिरवताना जास्त जास्त रुतत जाते. चिनी माती आड येत असेल तर ती मुद्दाम फोडून काढायला हरकत नाही, पण तुकडे लगेच ओढून घ्या. ही माती काचेहून कठीण असते. एक कण सिलिंडरमध्ये गेला तरी भिंतीवर कायमची रेघ ओढतो.

डोकं बाहेर, मोकळ्या जागेत असेल तर त्यावर नट वेल्ड करणं हा उत्तम उपाय. नवीन सहा पैलू मिळतात, शिवाय वेल्डच्या उष्णतेने गंजाची पकडही सुटते. त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवा आणि बॅटरीची ऋण तार काढा; इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचा, जोडही सोडा.

मान तुटून षटकोन हातात आला आणि आट्यांचं कवच हेडमध्येच राहिलं, तर धीर सोडू नका. प्लग घट्ट असतो तो बैठकीवर ताणून बसल्यामुळे. डोकं तुटलं की तो ताण संपतो, आणि उरलेलं कवच अनेकदा आधीपेक्षा सोपं निघतं. आतली माती सैल असेल तर चिमट्याने वर ओढा. कवचाला भोक आधीपासूनच असतं, त्यामुळे ड्रिल बहुधा लागत नाही. इथे ईझी-आउट, म्हणजे तुटलेला तुकडा काढायचा पिळाचा, निमुळता होत जाणारा एक्स्ट्रॅक्टर, वापरू नका. तो पातळ कवच फाकवून आट्यांत आणखी आवळतो. चौकोनी किंवा सरळ धारांचा एक्स्ट्रॅक्टर घ्या, त्याच्या धारांना ग्रीस फासा, तेल टाकून हलक्या हाताने मागे-पुढे करत काढा.

तेही नाही जमलं तर शेवटचा मार्ग: हेड उतरवून टेबलावर घ्या, हॅकसॉच्या पात्याने कवचाला आतून दोन खाचा पाडा, आट्यांना पातं लागण्याच्या किंचित आधी थांबा, आणि बारीक छिन्नीने कवच आतल्या बाजूला मोडून घ्या. एकाच सिलिंडरच्या मोटरसायकलचं हेड उतरवणं हे काही मोठं काम नाही. कीस सिलिंडरमध्ये पाडण्यापेक्षा एक हेड गॅस्केट बदललेलं बरं.

चुडी मेली तर

प्लगच्या आट्यांत चमकणारी ॲल्युमिनिअमची तार गुंडाळून आली तर हेडचे आटे गेले. त्याआधी नीट पाहा: ती स्प्रिंगसारखी, स्टीलची गुंडाळी असेल तर कुणीतरी पूर्वी हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवली होती आणि तीच निघून आली आहे. मग नवीन गुंडाळी बसवण्यापुरतंच काम.

वरचे दोन-तीनच आटे वाकडे झाले असतील तर वरून टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालू नका. तो वाकड्याच वाटेने जाईल. बॅक टॅप नावाचं हत्यार मिळतं. ते मिटवून भोकातून आत घालायचं, आत फाकवायचं आणि फिरवत बाहेर काढायचं. आतले चांगले आटे त्याला सरळ वाट दाखवतात, त्यामुळे वरचे आटे त्याच रेषेत येतात.

सगळेच आटे गेले असतील तर दोन पर्याय. पहिला, तारेची हेलिकॉइल. भोक किटमधल्या टॅपनेच मोठं करायचं, कारण त्याचं माप साध्या टॅपचं नसतं. हेड जागेवरच असेल तर इंजिन हाताने फिरवून पिस्टन खाली आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा जागी आणा. नाहीतर टॅपचं टोक व्हॉल्व्हला लागेल. टॅपच्या खाचा ग्रीसने भरा. अर्धं वळण पुढे, पाव मागे, आणि दर दोन वळणांनी टॅप बाहेर काढून, पुसून, पुन्हा ग्रीस. ॲल्युमिनिअम लोहचुंबकाला लागत नाही, त्यामुळे कीस ग्रीसमध्येच अडकला पाहिजे. राहिलेला चुरा व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक नळी चिकटवून ओढून घ्या. गुंडाळी वरच्या कडेपासून किंचित खाली बसवा. तिच्या टोकाला जो आडवा तुकडा असतो तो लांब चिमट्यात पकडूनच तोडा. सुटला तर थेट पिस्टनवर पडतो. आणि गुंडाळी ज्वलनकक्षात डोकावता कामा नये. उघडं टोक लाल होतं आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं.

दुसरा पर्याय भरीव बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली जाड नळी. मला हाच जास्त भरवशाचा वाटतो, विशेषतः हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत. प्लगची बरीचशी उष्णता आट्यांतून आणि बैठकीतून हेडमध्ये जाते. बुश घट्ट आणि पूर्ण टेकून बसला तर ही वाट चालू राहते. ढिला बसला तर प्लग तापतो, आणि ४५ अंशांच्या दुपारी चढावर इंजिन ठोकायला लागतं. तयार बुशचे किट मिळतात. घाट रोडवरच्या स्पेअरच्या दुकानांत विचारावं. नाहीतर हिंगणा एमआयडीसीत लेथचं काम करणाऱ्याकडून करून घ्यावा. सोबत नवीन प्लग न्यायला विसरू नका, म्हणजे आटे आणि बैठक त्यावरच जुळवता येते. १४ मिमीच्या प्लगसाठी बाहेरून १८ मिमीचा बुश पूर्वापार वापरात आहे, पण छोट्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटपर्यंत किती धातू उरतो ते आधी मोजा. सीट आणि भोकाच्या मधली भिंत पातळ झाली की तडा तिथेच जातो.

आट्यांना एपॉक्सी लावून किंवा टेफ्लॉनची टेप गुंडाळून प्लग बसवणं हा उपाय नाही. ज्वलनाच्या उष्णतेपुढे दोन्ही टिकत नाहीत, आणि दाबाने सुटलेला प्लग बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो. आर्गन वेल्डिंगने भोक भरून नव्याने आटे पाडता येतात, पण त्यात हेड वाकतं. नंतर फेसिंग करावं, म्हणजे त्याची बैठक घासून सपाट करावी लागते आणि व्हॉल्व्हच्या सीट तपासाव्या लागतात. बुशसाठी धातूच उरला नसेल तेव्हाच तिकडे वळा.

परत बसवताना

नव्या प्लगच्या चिनी मातीवर पेट्रोलची रबरी नळी घालून त्या नळीने प्लग फिरवत आत घाला. आधी उलटं फिरवा. आटे एकमेकांवर येतात तेव्हा बारीक ‘टिक्’ जाणवतं, तिथून सुलटं. वाकडा लागला तर नळीच घसरते, हेड वाचतं. वॉशर टेकेपर्यंत सगळं याच नळीने झालं पाहिजे.

त्यानंतर नवीन वॉशरचा प्लग अर्धं वळण; १४ मिमीला अर्ध्यापासून दोन-तृतीयांशपर्यंत. तोच जुना प्लग परत बसवत असाल तर फक्त बारावा भाग, कारण वॉशर आधीच चेपलेला असतो. उतरत्या बैठकीच्या प्लगला वळणाचा सोळावा भाग पुरतो. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) असेल तर ॲल्युमिनिअम हेडमध्ये वॉशरच्या प्लगसाठी १० मिमीला १० ते १२ न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १४ मिमीला २५ ते ३०. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. १२ न्यूटन-मीटर म्हणजे २० सेमी लांबीच्या दांड्याच्या टोकाला जेमतेम ६ किलोचा जोर. मनगटाचं काम आहे, खांद्याचं नाही.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायचा लेप) लावावं का? मुलामा दिलेल्या प्लगला ते लागत नाही, असं एनजीकेसारखे उत्पादकच सांगतात. वंगण असलं की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत कुणी लावत असेल तर समजू शकतो. नागपुरात आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवणं पुरतं. लावलंच तर थेंबभर, टोकाचे दोन आटे सोडून, आणि टॉर्क सुमारे ३० टक्क्यांनी कमी करून.

शेवटी एक सरळ तार घेऊन खळग्यातलं निचऱ्याचं भोक मोकळं करा, आणि प्लग कॅपचं रबर बोटांनी वाकवून पाहा. त्याला चिरा असतील तर प्लगसोबत तेही बदला. पाणी तिथूनच शिरतं.